अंगठा गेला, आकडे आले

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. औशात आमच्या मंडळाने बचत गटांच्या मालाचे आणि खाद्यपदार्थांचे चार दिवसांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. बेचाळीस स्टॉल, मुलांसाठी एक आकाशपाळणा, संध्याकाळी भजन-भारूड, असा सगळा घाट. मी निवृत्त शिक्षक. गावातली निम्मी माणसे माझ्या वर्गातून गेलेली. त्यामुळे ‘स्टॉलवाल्यांशी बोलायचे काम गुरुजींकडे’ हे मला न विचारताच ठरून जाते. दरवर्षी हे काम म्हणजे एक दोनशेपानी वही, एक पावतीपुस्तक आणि भरपूर चहा. या वेळी मात्र खजिनदारांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा सुटीवर आला होता. तो म्हणाला, “मामा, वह्या कसल्या घेऊन बसलात? करार मोबाइलवर पाठवू. समोरचा आधारचा ओटीपी टाकेल, की झाली सही. कागद नको, स्टॅम्प नको, झेरॉक्स नको.” बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. नव्या गोष्टीला नाही म्हटले की माणूस म्हातारा ठरतो, ही भीती साठीनंतर फार असते.

दुसऱ्या दिवशी मी मंगल कार्यालयाच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. भाचा शेजारी. एकेक जण येई, त्याच्या मोबाइलवर करार जाई, सहा आकडे येत, तो ते टाकी, पडद्यावर हिरवी खूण उमटे. बांगडीवाले चाचा झाले, रसवंतीवाला झाला, निलंगा राइसवाली पोरे झाली. तासाभरात एकोणीस सह्या. विसाव्या आल्या त्या धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी विकणाऱ्या मावशी. त्यांनी मोबाइल हातात घेतला, पडद्यावरून बोट वरखाली फिरवले आणि मला विचारले, “गुरुजी, समदं खरं, पण ह्येच्यात पाऊस आला तर काय लिवलंय?”

मी भाच्याकडे पाहिले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. करार इंग्रजीत होता, अकरा पानांचा होता, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही तो वाचलेला नव्हता.

मावशी पुढे म्हणाल्या, “दोन सालाखाली एका जत्रंत वावधान सुटलं. माझं पीठ भिजलं, धंदा तर झालाच न्हाई, आन् भाडं वापस मागाया गेले तर म्हणले, तुमीच सही केल्याव की.” त्या जत्रेचे आयोजक कोण, हे मी विचारले नाही. तसे विचारायचा अधिकार मला त्या क्षणी तरी नव्हता.

मी चष्मा लावला आणि ती अकरा पाने वाचायला घेतली. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी केलेला तो मसुदा भाच्याने जसाच्या तसा उचलला होता. त्यात लिहिले होते की कोणत्याही कारणाने कार्यक्रम रद्द झाला तरी भाडे आणि अनामत परत मिळणार नाही. स्टॉलमध्ये काहीही घडले, अगदी आयोजकांची वायर जळून आग लागली, तरी भरपाई स्टॉलवाल्यानेच करायची. आणि वाद झाला तर तो बेंगळुरूच्या न्यायालयात चालवायचा! औशातल्या धपाट्यांची तक्रार घेऊन मावशींनी बेंगळुरू गाठावे, अशी सोय आम्ही करून ठेवली होती. आणि एकोणीस जणांनी माझ्यावर भरवसा टाकून त्यावर सही केली होती. गुरुजी सांगतात म्हणजे ठीकच असणार, असे त्यांना वाटले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शब्दाचा काळ

“चार दिवसांच्या स्टॉलला करार कशाला?” असे आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य अजूनही म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. आपल्याकडचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या शब्दावर चालत आला. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायची रीत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही की सौदा कितीला तुटला. घरजागेचा व्यवहार असला की इसार द्यायचा. तमाशाचा फड ठरवायचा तर सुपारी द्यायची. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी तिथे जाऊन आपापल्या यात्रेची तारीख पक्की करतात. कार्यक्रमासाठी कलावंत, मंडप, पाळणे ठरवणे ही आजकालच्या कंपन्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. आपण ती कित्येक वर्षे करीत आलो आहोत.

कायदाही शब्दाला मान देतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८७२ चा भारतीय करार कायदा काय सांगतो? दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने, योग्य मोबदल्यासाठी, कायदेशीर गोष्टीबद्दल केलेली कबुली म्हणजे करार. काही व्यवहार लेखीच हवेत, हे खरे. पण एरवी तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. दोघांपैकी एकाने ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ म्हटले की संपले.

शब्द इतकी वर्षे का टिकला, याचे कारण मला वाटते ते असे. ज्याला शब्द दिला तो पुढच्या आठवडी बाजारात पुन्हा भेटणार होता. त्याच्या सोयऱ्याच्या लग्नात आपण पंगतीला बसणार होतो. शब्द मोडला तर तोंड लपवायला जागा नव्हती. शब्दाला जामीन होते ते सारे गाव. आज तसे उरलेले नाही. आमच्या छोट्या प्रदर्शनातसुद्धा खेळण्यांचा स्टॉल सोलापूरचा, पाळणा कर्नाटकातून आलेला, मंडप लातूरचा. मोठ्या शहरांत तर आयोजक एकीकडचा, जागेचा मालक दुसरीकडचा, आणि स्टॉलवाल्याने त्या दोघांचेही तोंड पाहिलेले नसते. चार दिवसांनी सगळे पांगतात आणि पुन्हा भेटतीलच असे नाही. त्यातून २०२० आणि २०२१ या दोन उन्हाळ्यांत करोनाने सगळ्या यात्रा-जत्रा बंद पाडल्या. फडवाले, पाळणेवाले, मिठाईवाले घरी बसले. अशा वर्षी आगाऊ घेतलेल्या पैशांचे काय करायचे, हे आधी बोलून ठेवलेले असेल तर ठीक. नसेल तर दोन्हीकडची चांगली माणसेही एकमेकांना वाईट दिसू लागतात. तेव्हा करार हवा. अविश्वासापोटी नव्हे, विसरभोळेपणापोटी हवा.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा

करार हवा म्हटले की सही आली. आणि सहीचा इतिहास पाहिला तर ती अक्षरांत अडकलेली कधीच नव्हती. मराठेशाहीतले जुने महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, सुताराच्या नावापुढे त्याच्या हत्याराची, बाईच्या नावापुढे बांगडीची. अक्षर येत नव्हते म्हणून त्या माणसाला वगळलेले नव्हते. तो जे काम करी, तीच त्याची सही.

अंगठ्याची कथा तर याहून मौजेची आहे, आणि आपल्या विषयाच्या अगदी जवळची. १८५८ च्या जुलैमध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार एका स्थानिक पुरवठादाराशी केला. त्याचे नाव राज्यधर कोनाई. हा माणूस उद्या ‘ही सही माझी नाहीच’ म्हणेल, अशी हर्शेलला धास्ती. म्हणून त्याने शिक्क्याची शाई कोनाईच्या पंजाला फासली आणि कराराच्या पाठीवर त्याचा आख्खा पंजा उमटवून घेतला. पुढे हर्शेलने बोटांच्या ठशांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी उभी राहिली. आज जगभरचे पोलीस ज्या ठशांवर गुन्हेगार शोधतात, त्यांची एक सुरुवात अशी एका मालपुरवठादाराच्या करारातून झाली. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो पंजा कोनाईच्या सोयीसाठी नव्हता, हर्शेलच्या सोयीसाठी होता. कोनाईला त्या कागदात काय लिहिले आहे ते किती कळले होते, हे पंजावरून कळत नाही.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. दरबारची, कचेरीची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणारा शेतकरी कचेरीत जाऊन उर्दू कागदावर अंगठा उठवून येई. माझ्या आजोबांच्या पेटीत असे काही कागद होते. त्यांना ते वाचता येत नव्हते, वडिलांनाही येत नव्हते. गावातल्या एका मौलवींकडे नेऊन ते वाचून घ्यावे लागत. मौलवी भला माणूस, म्हणून निभावले. जिथे वाचणारा भला नव्हता, तिथे किती बांध सरकले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

त्या ओसरीवर इंग्रजीतली अकरा पाने हातात घेऊन बसलो तेव्हा मला आजोबांची पेटी आठवली. उर्दूच्या जागी इंग्रजी आली, शाईच्या जागी सहा आकडे आले. सही करणारा मात्र आहे तिथेच होता. आणि या वेळी कचेरीतल्या मुन्शीच्या जागी मी बसलो होतो.

कायदा काय म्हणतो

दुसऱ्या दिवशी मी लातूरला एका वकील विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने जे समजावून सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देतो.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. संगणकावरच्या सहीला त्याने मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, ‘दहा-अ’ हे कलम घातले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून एखादा करार निरर्थक ठरणार नाही, असे ते कलम सांगते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स आणि वेदांत या दोन कंपन्यांच्या वादात, नुसत्या ई-मेलच्या देवाणघेवाणीतून पक्का करार झाला असल्याचा निर्णय दिला. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘मंजूर’ लिहिले तर तेही पुराव्यात येऊ शकते. मृत्युपत्रासारखे काही दस्त मात्र अजूनही या सवलतीबाहेर आहेत. तिथे कागदच लागतो.

आधारच्या ओटीपीवर होणारी सही २०१५ पासून आली. तिची खुबी अशी. पूर्वी लखोट्यावर लाखेची मोहर करीत. लाख फुटलेली दिसली की लखोटा कुणीतरी उघडला हे कळे. इथे तसेच, फक्त ती मोहर गणिताची. ओटीपीने माणसाची ओळख पटली की सरकारमान्य संस्था त्या एका सहीपुरते प्रमाणपत्र देते आणि करारावर मोहर बसते. नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी मोहर मोडलेली दिसते. कागदावर ही सोय कधीच नव्हती. कोऱ्या जागेत मागाहून शून्य वाढवण्याच्या कथा आपल्याकडे काय कमी आहेत? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही अशा नोंदी पुराव्यात कशा आणायच्या याची रीत घालून दिली आहे.

भाच्याचे एक म्हणणे मात्र वकिलाने खोडून काढले. मोबाइलवर सही केली म्हणून स्टॅम्प चुकत नाही. मुद्रांक शुल्काच्या राज्याच्या कायद्यात दस्त म्हणजे संगणकावरचा दस्तही आला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने करारनाम्याच्या अनेक प्रकारांचे किमान शुल्क शंभरावरून पाचशे रुपये केले. चार दिवसांचे स्टॉलभाडे बाराशे, आणि त्यावर स्टॅम्प पाचशेचा! हे न परवडल्यामुळेच छोटी माणसे लेखी काही करीतच नाहीत, आणि मग तोंडी बोलीवर भांडत राहतात. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ओसरीवरचे धडे

परत आल्यावर आम्ही आधीच्या एकोणीस सह्या रद्द केल्या आणि तसे प्रत्येकाला कळवले. करार नव्याने लिहिला. मराठीत, एका पानाचा, आठ कलमांचा. स्टॉल नंबर कोणता आणि दिवस किती. भाडे किती. अनामत पाचशे, ती शेवटच्या दिवशी जागेवर परत. वीज किती आणि वायरिंग कुणाचे. गॅसच्या शेगडीपासून काय अंतर ठेवायचे. पाऊस-वादळाने किंवा सरकारी मनाईने दिवस बुडाला तर त्या दिवसाचे भाडे परत. कचरा कुणी उचलायचा. वाद झाला तर आधी गावातल्या तिघांपुढे, नंतर औशाच्या न्यायालयात. पाऊस सहाव्या कलमात आला. तो गंमत म्हणून घातला नव्हता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी मराठवाड्यात पाहिली आहे, त्यांना फाल्गुनातल्या आभाळाचा भरवसा कधी वाटत नाही.

करार तयार झाला आणि मग खऱ्या अडचणी सुरू झाल्या. पहिली अडचण ओटीपीची. बँकेने, पोलिसांनी, टीव्हीने लोकांना इतकी वर्षे घोकून घोकून शिकवले की ओटीपी कुणाला सांगू नका. आणि इथे मी म्हणतोय, ओटीपी आला का? बांगडीवाले चाचा हसून म्हणाले, “गुरुजी, तुमच्यावर भरोसा आहे, पण तुमच्यासारखंच बोलून एकानं माझ्या साडूचे पैसे नेले.” चाचांचे म्हणणे बरोबर होते. मग आम्ही नियम केला. आकडे ज्याचे त्याने, आपल्या हाताने, आपल्याच मोबाइलवर टाकायचे. आमच्यापैकी कुणी ते विचारायचे नाहीत, पाहायचे नाहीत आणि ‘आणा इकडे, मी टाकतो’ असे तर मुळीच म्हणायचे नाही. हे शेवटचे फार अवघड गेले. रांग लागलेली असते, समोरचे बोट अडखळत असते आणि मदत करायचा मोह होतो. पण त्या मदतीतच सही दुसऱ्याची होऊन जाते.

दुसरी अडचण मोबाइल कुणाचा, ही. चौघीजणींच्या आधारला नंबर जोडला होता तो मुलाचा. एकीचा मुलगा सोळा वर्षांचा. ओटीपी त्याच्या हातात येणार, तो आकडे टाकणार आणि सही आईची! कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही. आईच्या नावाने तो करून टाकणार आणि आईला पत्ताही नसणार. आणखी एकीचा नंबर नवऱ्याकडे, आणि नवरा पुण्याला बांधकामावर. ओळख नसलेल्यांची ही काळजी फक्त आमच्या प्रदर्शनापुरती नव्हती. १ जून २०२० पासून सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना दहा हजारांचे खेळते भांडवल मिळू लागले (२०२५ मध्ये पहिले कर्ज पंधरा हजारांचे झाले), तेव्हाही आधारला आपला मोबाइल जोडलेला असणे ही पहिली अट होती. हातगाडीवाल्यांची, भाजीवाल्यांची अशा सहीशी पहिली गाठ बहुधा तिथेच पडली. म्हणून आम्ही ठरवले की ज्याचा नंबर त्याच्याकडे नाही त्याने कागदावर सही किंवा अंगठा करावा, दोन साक्षीदारांसमोर. त्याचा फोटो त्यालाही पाठवावा. मोबाइल नाही म्हणून स्टॉल नाही, असे होता कामा नये. बेचाळिसांपैकी नऊ करार असे कागदावर झाले, आणि त्याने कुणाचेही काही बिघडले नाही.

तिसरी अडचण वाचण्याची. मराठीत लिहिले म्हणून सगळ्यांना वाचता येते असे नाही. यावर तोड मावशींनीच सुचवली. “तुमी वाचून रेकॉर्ड करा की. मी भाकऱ्या थापताना ऐकते.” मग माझ्या आवाजात आठही कलमे सावकाश वाचून आम्ही ती व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला पाठवली, आणि सांगितले की सही उद्या; आज ऐका, घरी विचारा. चाळीस वर्षे वर्गात धडे वाचून दाखवले, पण इतक्या मन लावून ऐकणारे विद्यार्थी मला क्वचितच मिळाले. दुसऱ्या दिवशी येताना सातजण शंका घेऊन आले. दोन शंका इतक्या रास्त निघाल्या की कलमे बदलावी लागली.

सहावे कलम

प्रदर्शन तीन दिवस छान चालले. पहिल्याच दिवशी एक खेळणीवाला तावातावाने आला. त्याला म्हणे कोपऱ्याची जागा कबूल केली होती. मी काही न बोलता त्याच्याच मोबाइलवरचा करार उघडायला सांगितले. स्टॉल नंबर सतरा. खाली त्याची सही, तारीख आणि वेळ. तो दोन मिनिटे गप्प राहिला आणि मग सतरा नंबरवर माल लावू लागला. दरवर्षी या एका वादाला आमचा अर्धा दिवस जाई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग मांडवाचे एक टोकच उडाले. पाळणा आधीच थांबवला होता. वारा सुटला की थांबवायचा, असे पाळणेवाल्याच्या करारात लिहिले होते, आणि त्या एका ओळीमुळे त्याने हुज्जत घातली नाही. देवाच्या कृपेने कुणाला इजा झाली नाही. पण चौथा दिवस रद्द करावा लागला.

रात्री बैठक बसली. बेचाळीस स्टॉल, प्रत्येकी तीनशे, म्हणजे बारा हजार सहाशे रुपये परत द्यायचे. मंडपाचे नुकसान वेगळे. खजिनदारांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “गुरुजी, लोक समजून घेतील. गावचीच माणसे आहेत. निम्मे देऊ.” खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले. पूर्वीसारखी नुसती बोली असती, तर आम्ही निम्मेच दिले असते, आणि लोकांनी घेतलेही असते. मनात राग धरून घेतले असते.

तेवढ्यात मावशी आणि त्यांच्याबरोबर चार-पाच बाया दाराशी आल्या. भांडायला नव्हे, ओली भांडी कुठे ठेवायची हे विचारायला. खजिनदारांनी त्यांना बोलून पाहिले. मावशी शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, सहावं कलम ऐकवू का? तुमच्याच आवाजात हाय.”

पैसे पूर्ण दिले. मंडळाला त्या वर्षी तोटा आला, आणि तो भरून काढायला आम्हा सदस्यांना खिशात हात घालावा लागला. भाचा म्हणाला, “गुरुजी, ती अकरा पाने ठेवली असती तर एक रुपया द्यावा लागला नसता.” त्याचे बोलणे हिशेबाने अगदी बरोबर होते. म्हणूनच मी त्याला म्हणालो, की सही घ्यायचे साधन कितीही नवे असू दे, कागद कुणाच्या बाजूने लिहायचा हे ते साधन ठरवीत नाही. ते आपणच ठरवतो.

थोडे मागणे

हे सगळे एका लहान गावातल्या लहान प्रदर्शनाचे. पण मोबाइलवरची सही आता गावोगाव येणार आहे, यात शंका नाही. ती यावीच, असे माझेही मत झाले आहे. कागद काही अमर नसतो. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, घरे कोसळली, हजारो माणसे गेली, आणि भिंतीतल्या कोनाड्यांतले, पेटीतले कागदही त्याच दगडमातीखाली गेले. ज्याची प्रत दुसरीकडे सुरक्षित राहते, त्याचे मोल ज्या तालुक्याने ते पाहिले त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पण येताना तिने चार गोष्टी बरोबर आणाव्यात. पहिली, करार सही करणाऱ्याच्या भाषेत असावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीच्या सूचना इंग्रजीखेरीज आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची मुभा देतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. माहिती मागताना जर भाषेचा पर्याय द्यायचा, तर पैसे आणि जबाबदारी गळ्यात घालताना का देऊ नये? दुसरी, सही होताच प्रत सही करणाऱ्याकडे जावी, आणि तीही कुणाकडे मागावी न लागता. तिसरी, ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही त्याला कागदाचा मार्ग मोकळा राहावा. आणि चौथे मागणे सरकारकडे. २०१४ मध्ये फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा संसदेने केला. त्याच भावनेने काही दिवसांच्या, काही हजारांच्या स्टॉल-करारांवरचे मुद्रांक शुल्क माफ करावे किंवा दहा-वीस रुपयांवर आणावे. त्यातून तिजोरी रिकामी होणार नाही, उलट आज तोंडी होणारे कितीतरी व्यवहार लेखी होतील.

वाचकांपैकी अनेकजण गणेश मंडळात, नवरात्र मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सोसायटीच्या आनंदमेळ्यात कधी ना कधी आयोजकाच्या खुर्चीवर बसतात. अनेकजणी बचत गटाचा स्टॉल लावतात. दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. समोरच्याच्या हातात मोबाइल देण्याआधी तो करार एकदा मोठ्याने वाचून पाहा. वाचताना स्वतःलाच लाज वाटली, तर तो करार पाठवू नका. आणि सही करणाऱ्याने निदान पावसाचे तरी विचारावे.

यंदाही आमचे प्रदर्शन भरणार आहे. खजिनदारांनी कुरकुर करीत का होईना, आठ कलमे तशीच ठेवली आहेत. मावशींचा निरोप कालच आला. जागा मागल्या वेळचीच पाहिजे, आणि करार आधी ऐकवायचा. सही दुसऱ्या दिवशी.